लॅपटॉपमधलं आतलं यूएसबी उपकरण बिघडलं तर काय, कोणत्या क्रमानं तपासायचं

लॅपटॉपला बाहेरून काहीही लावलेलं नाही, तरी थोड्या थोड्या वेळानं 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' अशी सूचना येते. किंवा कॅमेरा, ब्लूटूथ, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर यांपैकी एखादी गोष्ट अचानक दिसेनाशी होते. अशा वेळी बहुतेक जण एकाच वाटेनं जातात. इंटरनेटवर मिळेल तो ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा, जमलं नाही की विंडोज फॉरमॅट करायचं, आणि सूचना तरीही येत राहिली की दुकानात जाऊन मदरबोर्डचा खर्च ऐकून यायचं. यातला बराचसा वेळ आणि पैसा वाचवता येतो. त्यासाठी आधी बिघडलेलं उपकरण नेमकं कोणतं ते शोधा, आणि मगच खालचे टप्पे एकेक करून, पुढच्या टप्प्यावर जायला सांगितल्याशिवाय मधला कुठलाही न गाळता करा.

लेख विंडोज १० आणि ११ असलेल्या लॅपटॉपसाठी आहे.

## आधी दोन गोष्टी माहीत हव्यात

आत यूएसबीवर काय काय असतं. कॅमेरा जवळपास नेहमीच. ब्लूटूथही बहुधा. ठसा वाचणारा सेन्सर, काही मॉडेलांत मेमरी कार्ड रीडर, टचस्क्रीन, सिम कार्डाचं मोडेम. बाहेरच्या पोर्टमध्ये लावतो तसंच हे सगळं यूएसबीवर जोडलेलं असतं, फक्त जोडणी झाकणाच्या आत असते.

यात ब्लूटूथबद्दल एक गैरसमज कायम दिसतो. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच छोट्या कार्डावर असतात, म्हणून 'वायफाय चालतंय म्हणजे कार्ड ठीक आहे' असं गृहीत धरलं जातं. पण अनेक कार्डांत वायफाय पीसीआय एक्स्प्रेस या वेगळ्या जोडणीवरून चालतं आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. वायफाय ठणठणीत असताना त्याच कार्डावरचं ब्लूटूथ पूर्ण मेलेलं असू शकतं.

ड्रायव्हरची पाळी केव्हा येते. उपकरण जोडलेलं आढळलं की संगणक त्याला सर्वांत आधी त्याची ओळख विचारतो. उपकरण उत्तरादाखल १८ बाइटांची नोंद पाठवतं. तिला डिव्हाइस डिस्क्रिप्टर म्हणतात. त्यात बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, म्हणजे व्हीआयडी, आणि उत्पादनाचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, असतो. कोणता ड्रायव्हर लावायचा हे विंडोज या क्रमांकांवरून ठरवतं. आता विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये, 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि त्यापुढे 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' लिहिलेलं असेल तर याचा अर्थ ओळखीचं उत्तर आलेलंच नाही. मग विंडोज ड्रायव्हर निवडणार कशावरून? अशा वेळी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दोष वीजपुरवठ्यात, केबलमध्ये, अडकून पडलेल्या फर्मवेअरमध्ये (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा खुद्द उपकरणात असतो. चुकीच्या जागी खर्ची पडणारे सर्वाधिक तास इथेच जातात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगतो आहे.

## तयारी

१. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

२. बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून मिळवून कागदावर लिहून ठेवा. होम आवृत्तीतही हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं.

३. विंडोजचा पिन आणि खात्याचा पासवर्ड आठवतोय याची खात्री करा. रोज बोट टेकवून आत जाणाऱ्यांना हे दोन्ही हमखास आठवत नाहीत, आणि ठशाचा सेन्सरच बंद पडला की दुसरा रस्ता उरत नाही.

४. एक साधा वायरचा माउस आणि कागद-पेन जवळ ठेवा. माउस टप्पा ३ मध्ये लागेल.

५. लॅपटॉप वॉरंटीत आहे का ते पाहा. असेल तर टप्पा ७ पर्यंतच जा, तळाचं झाकण उघडू नका.

> सावधान: टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय, तळ फुगलाय किंवा झाकण नीट बसत नाही, यांपैकी काही दिसलं तर इथेच थांबा. बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि आधी बॅटरीचं बघा.

> ऑफिसचा लॅपटॉप असेल तर: कॅमेरा किंवा ब्लूटूथ कंपनीनंच धोरण म्हणून बंद केलेलं असू शकतं. आयटी विभागाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा १: दोष खरंच आतला आहे का?

बाहेरचं सगळं काढा. माउसचं बोटाच्या पेराएवढं रिसीव्हर, डॉकिंग स्टेशन, कार्ड रीडरमध्ये विसरलेलं मेमरी कार्ड, टाइप-सी पोर्टातला अडॅप्टर, सगळं. यूएसबी असलेला बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर तोही.

मग टॉर्च लावून प्रत्येक यूएसबी पोर्टात बघा. आतली प्लॅस्टिकची पट्टी सरळ आहे का, धातूच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात का, धूळ-कापूस अडकलाय का. वाकलेल्या पोर्टामुळे काहीही न लावता 'अननोन डिव्हाइस' दिसू शकतं. कचरा काढायचा असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकनं काढा. सुई किंवा पिन घालू नका.

> तपासा: सगळं काढून लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर सूचना बंद झाली? मग दोष बाहेरच्या उपकरणात आहे. एकेक वस्तू परत लावत जा, सूचना परत आली की ती वस्तू सापडली.

> सावधान: 'पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट' असा संदेश येत असेल तर कुठेतरी जास्त वीज ओढली जाते आहे. सगळं काढूनही तो येत राहिला तर शॉर्ट आत आहे. लॅपटॉप चालू ठेवून प्रयोग करत राहू नका, थेट टप्पा ८ किंवा दुकान.

## टप्पा २: संकेतांक वाचा

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदीवर डबल क्लिक करा. 'जनरल' पानावर मधल्या चौकटीत कोड लिहिलेला असतो. तो कागदावर उतरवा, कारण पुढची वाट त्यावर ठरते.

- कोड २२: उपकरण कुणीतरी डिसेबल केलंय. एनेबल करा, काम संपलं.
- कोड २८: ड्रायव्हरच नाही. ओळख पटलेली आहे. टप्पा ६.
- कोड १०: उपकरण ओळखलं पण सुरू होत नाही. टप्पा ४, मग टप्पा ६.
- कोड ४३, आणि नाव नीट दिसतंय: ओळख पटली, नंतर उपकरणानं बिघाड कळवला. टप्पा ४, ५, ६ क्रमानं.
- कोड ४३, आणि नाव 'अननोन यूएसबी डिव्हाइस': ओळखच पटलेली नाही. ड्रायव्हरच्या मागे लागू नका. टप्पा ३ आणि ४ मन लावून करा.

नोंद दिसत असेल तर तिच्या 'इव्हेंट्स' पानावरही नजर टाका. तिथं तारखा आणि वेळा असतात. त्रास कधीपासून सुरू झाला ते तिथून कळतं, आणि त्या दिवशी काय घडलं होतं तेही मग आठवतं: मोठा अपडेट, लॅपटॉप पडणं, पाणी सांडणं.

## टप्पा ३: नेमकं उपकरण शोधा

हा टप्पा सगळे गाळतात. कृपा करून गाळू नका. 'अननोन' लिहिलेलं उपकरण कोणतं हे विंडोज सांगत नसलं, तरी ते कोणत्या जागी जोडलंय हे मात्र सांगतं.

अ. कोण गैरहजर आहे ते बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा. आता पूर्वी कधीतरी जोडलेली, पण सध्या न सापडणारी उपकरणं फिकट रंगात दिसतील. 'कॅमेराज', 'ब्लूटूथ', 'बायोमेट्रिक डिव्हाइसेस' आणि 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' हे गट उघडा. 'इंटिग्रेटेड कॅमेरा' फिका पडलाय आणि त्याच वेळी 'अननोन' नोंद आलीय, तर संशय कुणावर घ्यायचा हे उघड आहे.

आ. जागेचा क्रमांक जुळवा. अननोन नोंदीच्या 'जनरल' पानावर 'लोकेशन' अशी ओळ असते आणि तिथं पोर्ट व हबचा (अनेक पोर्ट जिथं एकत्र येतात त्या जोडणीचा) क्रमांक दिलेला असतो. समजा, तिथं पोर्ट ६, हब १ आहे. आता फिकट दिसणाऱ्या कॅमेऱ्यावर डबल क्लिक करून त्याचं लोकेशन बघा. शेवटचं ठिकाण बहुधा तिथं शिल्लक असतं. तेही पोर्ट ६, हब १ निघालं तर आणखी पुरावा नको.

इ. फिकी नोंद नसेल तर पोर्टांचा नकाशा काढा. विंडोज नुकतंच नव्यानं टाकलेलं असेल तर फिक्या नोंदी मिळणार नाहीत. (फॉरमॅटची घाई करू नका म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे, पुरावाच पुसला जातो.) मग वायरचा माउस घ्या. एकेका बाहेरच्या पोर्टात लावा आणि दर वेळी माउसच्या यूएसबी नोंदीचं लोकेशन लिहून घ्या. उजवीकडचा पोर्ट १, डावीकडचे २ आणि ३, असा कागदावर नकाशा तयार होईल. अननोन नोंदीचा क्रमांक त्या यादीत नसेल तर ते उपकरण आतलंच आहे. यादीत असेल, तर तुमचा तो बाहेरचा पोर्ट खराब आहे आणि आतल्या कॅमेऱ्याचा यात काही संबंध नाही.

नकाशासाठी माउसच घ्या, यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह नको. एकाच निळ्या पोर्टात यूएसबी २ आणि यूएसबी ३ अशा दोन जोडण्या असतात आणि त्यांचे क्रमांक वेगवेगळे येतात. आतली उपकरणं सहसा यूएसबी २ वर असतात, माउसही तिथेच दिसतो, त्यामुळे तुलना बरोबर होते.

ई. ओळख पटली असेल पण नाव समजत नसेल तर 'डिटेल्स' पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीआयडीनंतरचे चार अंक-अक्षरं बघा. ८०८७ म्हणजे इंटेल, बहुधा ब्लूटूथ. ०बीडीए म्हणजे रिअलटेक: कार्ड रीडर, कॅमेरा किंवा ब्लूटूथ. ०४एफ२ म्हणजे चिकोनी, बहुधा कॅमेरा. २७सी६ म्हणजे गुडिक्स आणि ०६सीबी म्हणजे सिनॅप्टिक्स, इथं बहुधा ठशाचा सेन्सर. चारही जागी शून्य असेल तर ओळख आलेलीच नाही.

उ. स्क्रीनचं झाकण हलवून बघा. संशय कॅमेऱ्यावर असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून झाकण अगदी हळू मागे-पुढे करा. एका ठरावीक कोनात यादी आपोआप ताजी होत असेल, जोडल्या-तोडल्याचा आवाज येत असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल कुठेतरी तुटत आलीय. कोणताही ड्रायव्हर किंवा अपडेट त्यावर उपाय नाही.

## टप्पा ४: वीज पूर्ण उतरवा

आतलं उपकरण अडकून पडलं की त्याची वीज पूर्ण तोडावी लागते. बाहेरचा पेनड्राइव्ह आपण काढून परत लावतो, तेच इथं करायचंय, पण उपकरण हाताशी नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे 'शट डाउन केलं की झालं' असं समजणं. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना यंत्रणेचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा परत आणला जातो. त्यात चुकीची स्थितीही परत येऊ शकते. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही, पण रीस्टार्टमध्ये उपकरणाची वीज तुटेलच असं नाही. म्हणून हे असं करा:

१. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' निवडा. म्हणजे ते पूर्ण बंद होईल.

२. चार्जर काढा. बाहेरचं सगळं काढा.

३. बॅटरी निघण्यासारखी असेल तर काढा. आतच बसवलेली असेल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) बॅटरी तात्पुरती तोडण्याची सोय आहे का बघा. लेनोवोच्या अनेक थिंकपॅडमध्ये 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' हा पर्याय पॉवर विभागात असतो. तो वापरला की लॅपटॉप बंद होतो आणि चार्जर लावेपर्यंत सुरू होत नाही. काही मॉडेलांच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढं रीसेटचं छिद्र असतं. ते आहे की नाही, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा. मायक्रोफोनच्या छिद्रात टाचणी खुपसू नका.

४. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मध्येच लॅपटॉप सुरू झाल्यासारखा वाटला तरी सोडू नका.

५. पाच मिनिटं तसाच राहू द्या.

६. बॅटरी काढली असेल तर बसवा, चार्जर लावा, सुरू करा. बाहेरचं काही लावू नका.

> तपासा: उपकरण परत आलं? उत्तम, पण लगेच निश्चिंत होऊ नका. काही दिवस लक्ष ठेवा. फक्त स्लीपमधून उठल्यावर जात असेल तर टप्पा ६ मधलं वीज व्यवस्थापन. कधीही, कशाही वेळी जात असेल तर वायर किंवा उपकरण, टप्पा ८.

## टप्पा ५: स्विच, बायॉस, परवानग्या

थोडक्यात आटपणारं काम आहे, पण वगळलं तर पुढचं सगळं फुकट जातं.

कॅमेऱ्यासाठी लॅपटॉपच्या कडेला स्विच आहे का बघा. एचपी आणि लेनोवोच्या काही मॉडेलांत तो कॅमेऱ्याची जोडणीच तोडतो, त्यामुळे कॅमेरा डिव्हाइस मॅनेजरमधूनही गायब होतो आणि माणूस हार्डवेअर गेलं समजून बसतो. कॅमेऱ्यावर सरकणारी नुसती झडप वेगळी, तिच्यामुळे चित्र काळं येतं, पण नोंद यादीत राहते. एफ ओळीतल्या कॅमेऱ्याच्या किंवा विमानाच्या चित्राच्या बटणांचाही हाच विचार करा.

नंतर बायॉसमध्ये जा. डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा एफ२, एचपीमध्ये एफ१०, थिंकपॅडमध्ये एफ१. सुरक्षेच्या किंवा उपकरणांच्या विभागात कॅमेरा, ब्लूटूथ, फिंगरप्रिंट रीडर यांपुढे 'एनेबल्ड' आहे का ते पाहा. बाकी कशाला हात लावू नका. विशेषतः सिक्युअर बूट आणि टीपीएम हे सुरक्षेचे पर्याय जसे आहेत तसेच असू द्या, नाहीतर पुढच्या वेळी बिटलॉकर ४८ अंकी की मागेल.

शेवटी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याला परवानगी आहे का बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा बिनतक्रार दिसतोय आणि फक्त एका अॅपमध्ये चालत नाही, तर दोष परवानगीचा आहे.

## टप्पा ६: ड्रायव्हर आणि वीज व्यवस्थापन

उपकरणाची ओळख पटत असेल, म्हणजे व्हीआयडी दिसत असेल, तरच उपकरणाच्या ड्रायव्हरला अर्थ आहे. क्रम असा:

१. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर तळाचा सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकून तुमच्याच मॉडेलचं पान उघडा. 'सारखंच दिसणारं' मॉडेल चालत नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे सेन्सर असतात.

२. आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा.

३. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये बिघडलेल्या उपकरणावर राइट क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण. ठशाच्या सेन्सरबाबत हे करण्याआधी पिन आठवतोय ना, ते पुन्हा एकदा बघा.

४. शिफ्ट धरून शट डाउन, परत सुरू, आणि आता त्या उपकरणाचा ड्रायव्हर टाका.

ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाकू नका. त्यांतली बरीचशी नको त्या गोष्टी सोबत घेऊन येतात, आणि चालू असलेले ड्रायव्हरही बदलून टाकतात. मग मूळ दोष कोणता आणि नवा कोणता, हेच कळेनासं होतं.

वीज व्यवस्थापनासाठी: 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' गटातल्या प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. ब्लूटूथच्या नोंदीवरही हे पान असेल तर तिथलीही काढा. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' दिसत असेल तर ते डिसेबल करा. स्लीपनंतर गायब होणाऱ्या ब्लूटूथ आणि ठशाच्या सेन्सरवर हा उपाय अनेकदा लागू पडतो. बॅटरी थोडी लवकर उतरेल, हे गृहीत धरा.

बायॉसचा अपडेट या टप्प्यात सर्वांत शेवटी. त्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा, बॅटरी चांगली भरलेली ठेवा आणि चार्जर लावा. जिथं वीज मध्येच जाते तिथं बॅटरी दमलेल्या लॅपटॉपवर बायॉसचा अपडेट करूच नका. अर्धवट राहिला तर लॅपटॉप सुरूच न होण्याचा धोका असतो.

## टप्पा ७: विंडोज बाजूला ठेवून तपासा

फॉरमॅट करून जे समजणार, ते फॉरमॅट न करता याच टप्प्यात समजतं.

दुसऱ्या संगणकावर ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत यंत्रणा) लिहून घ्या. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूतून (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीतून) पेनड्राइव्ह निवडा आणि 'ट्राय' हा पर्याय घ्या.

> सावधान: 'इन्स्टॉल' निवडू नका. तुमच्या डिस्कवरचं विंडोज जाईल.

टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत सलग लिहा आणि एंटर दाबा. जोडलेल्या सगळ्या यूएसबी उपकरणांची यादी येईल. मग एस, यू, डी, ओ (सुडो) लिहून, एक जागा सोडून, डी, एम, ई, एस, जी ही अक्षरं लिहा. ही दुसरी यादी लांबलचक असते, तिच्यात यूएसबीच्या ओळी शोधा.

उपकरण पहिल्या यादीत नावानिशी आलं, कॅमेऱ्याचं चित्रही दिसलं, तर हार्डवेअर ठीक आहे. विंडोजकडे परत जा. ठशाचा सेन्सर उबुंटूत चालला नाही तरी हरकत नाही, त्याचा ड्रायव्हर तिथं नसू शकतो. यादीत नाव आलं एवढं पुरे.

दुसऱ्या यादीत 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' आणि त्यापुढे एरर उणे ७१ किंवा उणे ११०, किंवा 'अनेबल टू एन्युमरेट यूएसबी डिव्हाइस' अशा ओळी परत परत येत असतील, तर दोष विंडोजचा नाही. फॉरमॅटचा विचार इथंच सोडून द्या. या ओळींचा फोटो काढून ठेवा. वॉरंटीच्या वेळी 'आधी विंडोज नव्यानं टाकून बघा' असं सांगितलं गेलं तर हा फोटो कामी येतो.

## टप्पा ८: तळाचं झाकण उघडणं

वॉरंटी संपलेली असेल आणि हात स्थिर असेल तरच. तुमच्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका आधी उतरवून घ्या. डेल, एचपी आणि लेनोवो त्यांच्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिका मोफत ठेवतात.

१. पूर्ण बंद, चार्जर बाहेर. नळाला किंवा रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा.

२. स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूनं फुगवटा येतो किंवा बोर्डाला इजा होते.

३. उघडल्या उघडल्या सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. त्याआधी कशालाही हात नाही.

४. संशयित उपकरणाची केबल काढा. पातळ पट्टीची केबल असेल तर कनेक्टरची बारीक कडी नखानं उचला, मग केबल आपोआप सुटते. ओढून काढली तर कडी तुटते, आणि ती वेगळी मिळत नाही.

५. आता हा निर्णायक प्रयोग: ते उपकरण तोडलेल्या अवस्थेतच बॅटरी जोडा, तळाचं झाकण स्क्रू न लावता नुसतं ठेवून लॅपटॉप सुरू करा आणि डिव्हाइस मॅनेजर बघा. अननोन नोंद गेली, तर दोष त्या उपकरणात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. नोंद तशीच राहिली तर संशय चुकीचा होता. परत बंद करा, बॅटरी तोडा, ते जोडा, पुढचं तोडा.

वायफाय-ब्लूटूथ कार्ड एका स्क्रूवर असतं. अँटेनाच्या दोन बारीक वायरी सरळ वर उचलून काढायच्या, तिरक्या नाहीत. कार्डाशिवाय लॅपटॉप सुरू होतो, तेव्हा प्रयोग करायला सोपं. कॅमेऱ्याचं अवघड असतं. त्याच्या यूएसबीच्या तारा बऱ्याचदा स्क्रीनच्याच केबलमधून जातात. ती केबल काढली की स्क्रीनही जाते, म्हणून बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयनं जोडून बघा.

पुष्कळदा केबल काढून नीट परत बसवली एवढ्यानंही काम होतं. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर कनेक्टरवर पांढरट-हिरवट थर दिसू शकतो. तो ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशवर घेऊन काढा आणि पूर्ण वाळू द्या. हाताचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि अनेकदा ग्लिसरीन असतं.

सगळं तोडूनही नोंद राहिली तर दोष मदरबोर्डवर आहे. घरी करण्यासारखं इथं काही उरत नाही.

## टप्पा ९: बदलायचं, बंद करायचं की दुकानात द्यायचं

बदलायचं असेल तर जुन्या भागावर छापलेला पार्ट नंबर जुळवा, मॉडेलचं नाव नाही. कॅमेऱ्याचे दिसायला हुबेहूब मॉड्यूल वेगळ्या व्होल्टेजचे असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाणार असाल तर जुना भाग सोबत न्या. वायफाय कार्डात इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही त्यांना आधार देणाऱ्या इंटेल प्रोसेसरांच्या लॅपटॉपमध्येच चालतात. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती चालणार नाहीत. एएक्स२०० किंवा एएक्स२१० चा मार्ग मोकळा असतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये हे कार्ड बोर्डाला डाख दिलेलं असतं, मग बदलता येत नाही.

बंद करायचं असेल तर बायॉसमधून डिसेबल करा. सूचना थांबतील. बायॉसमध्ये सोय नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून. केबल काढून ठेवणं सर्वांत खात्रीचं. त्याऐवजी बाहेरचा वेबकॅम किंवा ब्लूटूथ डोंगल लावता येतं, आणि माझ्या मते जुन्या लॅपटॉपसाठी हाच शहाणपणाचा व्यवहार आहे. डोंगल लावण्याआधी आतलं ब्लूटूथ डिसेबल केलेलं हवं. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ वापरतं, दोन चालू राहिले तर दोन्ही अडतात.

दुकानात द्यायचं असेल तर कोड, लोकेशन क्रमांक, उबुंटूतला फोटो आणि काय काय करून झालं याची चिठ्ठी द्या. तुमचा पासवर्ड देऊ नका, दुरुस्तीसाठी वेगळं लोकल खातं करून द्या. 'बोर्ड गेलाय' असं सांगितलं तर विचारा: सगळी आतली उपकरणं तोडून बघितलं का? त्याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे दाखवा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या.

दुरुस्तीनंतर तिथल्या तिथे तपासायचं ते असं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळा त्रिकोण नाही, कॅमेरा चालू ठेवून झाकण पूर्ण मागे-पुढे केल्यावर चित्र तुटत नाही, लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून उठवल्यावर ब्लूटूथ आणि ठसा दोन्ही चालतात, आणि वायफायचा जोर पूर्वीइतका आहे. शेवटचं मुद्दाम बघा, कारण झाकण बंद करताना अँटेनाची वायर कनेक्टरवरून निसटलेली राहते आणि ते घरी आल्यावर लक्षात येतं.